सुकत नाही, जुळतं

चित्रकाराच्या टेबलावरचं जवळपास सगळं काही सुकून तयार होतं. जलरंगातलं पाणी उडून जातं आणि रंगाचे कण कागदावर उरतात. ॲक्रिलिकमधलं पाणीही असंच निघून जातं. फेविकॉलचा पांढरा लेप पारदर्शक होतो, कारण त्यातलं पाणी गेलेलं असतं. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला पॉलिश करतो, तिथे स्पिरिट उडतं आणि लाख मागे राहते. दरवेळी काहीतरी जातं, तेव्हा उरलेलं घट्ट होतं. म्हणून तर जाड लावलेला रंग आकसतो आणि त्याला भेगा पडतात.

इपॉक्सी रेझिनची गोष्टच वेगळी आहे. दोन पातळ, पारदर्शक द्रव एका कपात ओतायचे, काही मिनिटं ढवळायचे आणि चित्रावर सोडायचे. दुसऱ्या दिवशी तिथे काचेसारखा लखलखीत थर असतो. मधल्या वेळात त्यातून जवळजवळ काहीही बाहेर गेलेलं नसतं. शंभर ग्रॅम ओतलं असेल तर थरही जवळपास शंभर ग्रॅमचाच भरतो. ते सुकलेलंच नसतं. त्याचे रेणू एकमेकांना जुळलेले असतात. मिश्रमाध्यमातल्या चित्रात रेझिनला आज जे स्थान मिळालं आहे, त्याचं मूळ या एका गोष्टीत आहे.

एका बाटलीत रेझिन असतं. त्याच्या प्रत्येक रेणूच्या दोन्ही टोकांना एकेक चिमुकला त्रिकोण असतो. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून तो बनतो. कार्बनला आपले बंध साधारण 109 अंशांवर मोकळे पसरायला आवडतात, इथे मात्र ते 60 अंशांच्या आसपास दाबून बसवलेले असतात. तो त्रिकोण सतत ताणाखाली असतो आणि उघडायची संधीच शोधत असतो. दुसऱ्या बाटलीतल्या हार्डनरमध्ये अमाइन जातीचे रेणू असतात. त्यांतल्या नायट्रोजनला लागून हायड्रोजनचे अणू असतात आणि अशा प्रत्येक हायड्रोजनच्या वाट्याला एक त्रिकोण येतो. नायट्रोजन त्रिकोणाला भिडतो, त्रिकोण उघडतो आणि दोन रेणूंमध्ये पक्का बंध तयार होतो. दोन्ही टोकांना अमाइन असलेल्या साध्या हार्डनरच्या एका रेणूकडे असे चार हायड्रोजन असतात, म्हणजे तो रेझिनची चार टोकं धरू शकतो. ती टोकं पुढच्या रेणूंना जोडलेली, ते आणखी पुढच्यांना. बंध लांबीत, रुंदीत आणि उंचीत, तिन्ही दिशांना वाढत जातात. शेवटी सगळं एकमेकांत इतकं गुंततं की कपातला सगळा द्रव तत्त्वतः एकच रेणू होऊन बसतो. शाळेत आपण शिकलेलो असतो की रेणू डोळ्यांना दिसत नाही. रेझिनचा पेपरवेट हातात घेतला की एक अजस्र रेणूच आपण हातात धरलेला असतो. ही गोष्ट मला दरवेळी थक्क करते.

हे कळलं की रेझिनच्या कामातले नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप पटतात. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर जास्त घालायची इच्छा होते. पण जास्तीच्या हार्डनरला पकडायला त्रिकोणच शिल्लक नसतात. तो तसाच सुटा राहतो आणि थर कायमचा मऊ आणि चिकट होतो. म्हणून बाटलीवर दोनास एक किंवा एकास एक जे प्रमाण दिलेलं असतं, ते काटेकोर पाळायचं. ते वजनाने आहे की आकारमानाने, हेही वाचायचं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे मापाच्या कपासाठी दिलेलं प्रमाण वजनकाट्यावर वापरलं तर हिशेब चुकतो. कपाच्या कडा आणि तळ खरवडत ढवळायचं, कारण कडेला न मिसळलेलं रेझिन राहिलं आणि ओतताना ते चित्रावर पडलं, तर बरोबर तेवढाच डाग कधीच घट्ट होत नाही. अनुभवी मंडळी ढवळलेलं मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळतात, ते यासाठीच.

ताणाखालचा त्रिकोण उघडतो तेव्हा उष्णता सुटते. उष्णतेने पुढचे त्रिकोण आणखी वेगाने उघडतात आणि त्यातून आणखी उष्णता सुटते. बोर्डवर पातळ पसरलेल्या रेझिनमधून ती हवेत निघून जाते आणि काम संथपणे चालतं. तेच मिश्रण कपात जास्त वेळ राहिलं, तर आतली उष्णता बाहेर पडू शकत नाही. मोठ्या कपात तापमान शंभर अंशांच्या पलीकडे जातं, धूर निघतो, प्लास्टिकचा कप वाकतो आणि तडे गेलेला पिवळा गोळा हाती येतो. एकाच बाटलीतलं, एकाच वेळी मिसळलेलं रेझिन पसरट बोर्डवर तासभर प्रवाही राहतं आणि कपात काही मिनिटांत दगड होतं. आकार बदलला की वेळ बदलते, असं साहित्य चित्रकलेत दुसरं क्वचितच असेल.

या पदार्थाचा जन्म चित्रशाळेत झालेला नाही. पॉल श्लाक यांनी जर्मनीत 1934 मध्ये इपॉक्साइड आणि अमाइनच्या संयोगाचं पेटंट मागितलं. दोनच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां या रसायनशास्त्रज्ञाने कमी तापमानाला वितळणारं, अंबराच्या रंगाचं एक रेझिन बनवलं. त्यांना हवं होतं कृत्रिम दातांसाठीचं साहित्य! पेटंटचे हक्क पुढे सिबा कंपनीकडे गेले. 1946 मध्ये बाझेलच्या औद्योगिक प्रदर्शनात जे उत्पादन लोकांसमोर आलं, त्याचं नाव आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात आजही रोज घेतलं जातं: अराल्डाइट. तुटलेली कपबशी जोडायला आपण दोन ट्यूबमधून जे पिळून घेतो, ते आणि चित्रावरचा तो लखलखीत थर ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत.

आता प्रकाशाकडे वळू, कारण खरी किमया तिथे आहे.

नदीतला गोटा पाण्यात असताना गडद आणि रंगीत दिसतो. घरी आणून वाळवला की फिका पडतो. गोटा तोच असतो. वाळलेल्या गोट्याच्या खडबडीत पृष्ठभागावर पडलेला उजेड हवा आणि दगड यांच्या सीमेवरच चहूकडे विखुरतो आणि त्या पांढुरक्या उजेडाची झाक रंगावर चढते. पाण्याने खाचा भरल्या की विखुरणं कमी होतं, उजेड आत शिरतो आणि दगडाचा स्वतःचा रंग घेऊन बाहेर येतो. रेझिन हेच करतं, आणि पाण्यापेक्षा जास्त चांगलं करतं. प्रकाश एखाद्या पदार्थात किती वळतो, ते सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक. पाण्याचा तो 1.33 असतो, इपॉक्सीचा 1.5 च्या थोडा पुढे. काच, कागदातला सेल्युलोज आणि जवसाचं तेल यांचे आकडेही 1.5 च्या आसपासच आहेत. त्यामुळे ॲक्रिलिकने रंगवलेल्या मॅट चित्रावर रेझिन ओतताच निळा रंग एकदम खोल निळा होतो आणि काळा खरोखर काळा दिसू लागतो. रंगात काहीही मिसळलेलं नसतं. वाटेतला अडथळा तेवढा गेलेला असतो.

हीच किमया कधी घात करते. चित्रात जुन्या पत्राचा तुकडा, वर्तमानपत्राचं कात्रण किंवा हातकागद चिकटवला असेल आणि त्यावर थेट रेझिन ओतलं, तर ते तंतूंमध्ये झिरपतं. कागद पांढरा दिसतो तो तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांच्या सीमांवर उजेड विखुरतो म्हणून. हवेची जागा सेल्युलोजच्या जवळपासच्या अपवर्तनांकाच्या रेझिनने घेतली की कागद तेलकट, अर्धपारदर्शक होतो आणि पाठीमागचा मजकूर पुढच्या मजकुरात मिसळतो. म्हणून कोलाजवर आधी पातळ केलेल्या फेविकॉलचा किंवा ॲक्रिलिक मीडियमचा हात दोन्ही बाजूंनी देऊन तो पूर्ण वाळू द्यायचा. एखाद्या चित्रकाराला हवी असेल तीच अर्धपारदर्शकता, तर त्याने मुद्दाम कागद उघडा ठेवावा. पातळ टिश्यू कागदावर छापलेलं रेखाचित्र रेझिनमध्ये बुडालं की कागद नाहीसा होतो आणि रेषा तेवढ्या तरंगत राहतात. हे पाहताना विश्वास बसत नाही.

याहून सुंदर प्रयोग कुणालाही करता येतो. घट्ट झालेल्या पारदर्शक थरावर पॉलिशपेपर घासा. लखलखीत पृष्ठभाग पांढरट, धुरकट आणि ओरखड्यांनी भरलेला होतो आणि आपण काम बिघडवलं असं वाटतं. त्यावर नवा थर ओता. ओरखडे डोळ्यांसमोर नाहीसे होतात. ते बुजतात, पण पुसले जात नाहीत, ते तिथेच असतात. दोन्ही बाजूंना एकच अपवर्तनांक असल्यामुळे प्रकाशाला तिथे सीमा आहे याचा पत्ताच लागत नाही. उलट पूर्ण घट्ट झालेल्या थरावर घासणं गरजेचं असतं, कारण नव्या थराला रुतायला खडबडीत जागा लागते. खालचा थर अजून बोटाला किंचित चिकटत असेल तर घासायची गरज नाही, तेव्हा वरचे रेणू खालच्या रेणूंशी सरळ जुळतात.

थरांमधली सीमा दिसत नाही, या एका गोष्टीवर रिउसुके फुकाहोरी या जपानी कलावंताने आपलं आयुष्यभराचं काम उभं केलं आहे. 1973 मध्ये नागोया इथे जन्मलेले फुकाहोरी गोल्डफिश रंगवतात. लाकडी बादल्या, वाडगे आणि जपानमध्ये तांदूळ मापायला पूर्वी वापरली जाणारी चौकोनी लाकडी पेटी ही त्यांची भांडी. भांड्यात पारदर्शक रेझिनचा एक थर ओतायचा. तो घट्ट झाला की त्यावर ॲक्रिलिक रंगाने माशाचा एक अंश रंगवायचा, समजा पोटाखालच्या परांची टोकं. वर दुसरा थर ओतायचा आणि त्यावर पोट रंगवायचं. मग आणखी एक थर, त्यावर अंग आणि खवले. सर्वांत वर पाठीचा पर. प्रत्येक थर सपाट असतो आणि त्यावरचं चित्रही सपाटच. वरून पाहिलं तर मात्र मासा पोहत असतो. रंग अपारदर्शक असल्यामुळे वरून येणाऱ्या उजेडात त्याची खरी सावली तळाशी पडते आणि डोळा पुरता फसतो. 2011 मध्ये लंडनला त्यांचं प्रदर्शन झालं आणि त्यांच्या कामाच्या चित्रफिती जगभर पोचल्या. बाजूने पाहिलं तर मासा पानापानांत सुटा होतो, तेव्हा कळतं की हे शिल्पही नाही आणि नेहमीच्या अर्थाने चित्रही नाही.

युरोपात यथार्थदर्शनाचे नियम रचले गेले, ते सपाट पृष्ठभागावर खोलीचा आभास आणण्यासाठी. फुकाहोरींच्या पेटीत खोली खरीच असते, ती मोजता येते. पण ती दिसते त्याहून जास्त असते. पाण्याने भरलेल्या विहिरीचा तळ जवळ आल्यासारखा वाटतो, तेच इथे घडतं. अपवर्तनांक 1.5 असेल, तर सहा सेंटिमीटर खोल रेझिन सरळ वरून चारच सेंटिमीटर भासतं. म्हणजे खरा मासा जितका जाड, तितक्याच जाडीत थर बसवले, तर तो चपटा दिसेल. रंगवणाऱ्याच्या हाताला तेवढा फरक उमगलेला असावा लागतो.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत रेझिन घराघरांत पोचलं ते वरमालांमुळे. लग्नातली माला, अक्षतांच्या चार दाण्यांसकट, चौकटीत किंवा जाड ठोकळ्यात बसवून देणारे पुण्या-मुंबईपासून लहान गावांपर्यंत आहेत. या कामाकडे मी हौस म्हणून पाहत नाही. फार अवघड काम आहे ते. ताज्या फुलाच्या पाकळीत बहुतांश पाणी असतं. तशीच ती रेझिनमध्ये गेली तर आतल्या आत तपकिरी पडते. भोवती धुरकट वलय तयार होतं आणि घट्ट होतानाच्या उष्णतेने नुकसान आणखी वाढतं. म्हणून फुलं आधी सिलिका जेलच्या दाण्यांत पुरून, आकार न मोडता, कुरकुरीत होईपर्यंत वाळवतात. झेंडूचा केशरी रंग वाळल्यावरही बऱ्यापैकी टिकतो. लाल गुलाब काळपट होत जातो. पांढरी फुलं पिवळसर पडतात, आणि जाड, रसाळ पाकळ्यांचा निशिगंध जपणं सर्वांत कठीण.

वाळलेलं फूल हवेने भरलेलं आणि हलकं असतं. ते साच्यात ठेवून वरून एकदम रेझिन ओतलं तर फूल तरंगत वर येतं आणि पाकळ्यांच्या पोटात अडकलेली हवा चंदेरी चकाकीने दिसू लागते. तिथे पुन्हा तीच हवेची सीमा आणि तोच विखुरलेला उजेड! म्हणून आधी तळाला एक पातळ थर द्यायचा. तो चिकट झाला की फूल त्यात बसवायचं, कुंचल्याने पाकळ्यांच्या आत रेझिन पोचवायचं आणि मग थरावर थर चढवायचे. उरतात ते बुडबुडे. गॅस टॉर्चची ज्योत झरकन वरून फिरवली की ते फुटतात, कारण वरचा पापुद्रा तापून क्षणभर पातळ होतो आणि आतली हवाही फुगते. ज्योत एका जागी रेंगाळली तर मात्र रेझिन करपतं. लाकडाच्या पाटावर काम असेल, तर बुडबुडे लाकडाच्या रंध्रांतून येत राहतात. नावा बांधणाऱ्यांची यावरची युक्ती मला फार आवडते. लाकूड तापत असताना त्यातली हवा फुगून बाहेर पडते, निवताना आकसून रेझिनला आत ओढते. म्हणून पहिला पातळ हात दिवसभर तापलेलं लाकूड संध्याकाळी निवायला लागलं की द्यायचा.

मोकळ्या पृष्ठभागावर सोडलेलं रेझिन आपोआप साधारण तीन मिलिमीटर जाडीवर येऊन थांबतं. गुरुत्वाकर्षण त्याला पसरवत असतं, पृष्ठताण त्याला गोळा करू पाहतो आणि या जाडीला दोघांची बरोबरी होते. बोर्डच्या कडेला ते फुगीर वळण घेऊन थबकतं, तेही याच ओढाताणीत. त्यामुळे एक लिटर रेझिन चौरस मीटरच्या एक तृतीयांश भागाला पुरतं, हा हिशेब आधीच करता येतो. पाणसळ लावून बोर्ड सपाट केलेला नसेल, तर मात्र रात्रीतून सगळं एका कोपऱ्यात जमा होतं. समुद्राच्या लाटांची जी रेझिनची चित्रं सगळीकडे दिसतात, त्यांतला फेस रंगवलेला नसतो. निळ्या रेझिनच्या कडेला पांढरं ओतून हीट गनच्या गरम झोताने ते पातळ पापुद्र्यासारखं निळ्यावर पसरवतात. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड असतं. ते खाली जाऊ पाहतं, खालचा निळा जागोजाग वर येतो आणि फेसाची जाळी आपोआप विणली जाते. फार लवकर झोत दिला तर पांढरा रंग निळ्यात विरून जातो, उशीर झाला तर तो हलतच नाही.

इथे आपल्या हवेबद्दल बोलायलाच हवं, कारण रेझिनवरची बरीचशी माहिती थंड, कोरड्या देशांत लिहिलेली असते. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या पावसाळ्यात सकाळी थर पाहावा तर त्यावर मेणचट, पांढुरकी साय आलेली असते. हार्डनरमधल्या अमाइनची त्रिकोणाशी गाठ पडण्याआधीच हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्याला गाठतात आणि कार्बामेट नावाचे क्षार वर जमतात. ते कोमट पाण्याने धुऊन, वाळवून, घासून मगच पुढचा थर द्यावा, नाहीतर नवा थर नीट धरत नाही. विदर्भातली अडचण उलटी. हौसेच्या कामासाठी मिळणारी बहुतेक रेझिनं 50 ते 60 अंशांना मऊ पडू लागतात. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूरला उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान तिथवर सहज जातं आणि रेझिनचा ट्रे वाकून हातात येतो. तो वितळलेला नसतो. जाळं शाबूत असतं, फक्त त्यातल्या धाग्यांना हलायची मुभा मिळालेली असते.

आणि हे काळजीने सांगतो: घट्ट होण्याआधीचं रेझिन आणि हार्डनर त्वचेला वारंवार लागले, तर शरीर त्यांच्याविरुद्ध कायमचं बिथरू शकतं. एकदा ही ॲलर्जी जडली की नंतर थोड्याशा संपर्कानेही पुरळ येतं आणि कलावंताला हे माध्यमच सोडावं लागतं. नायट्राइलचे हातमोजे, उघड्या खिडक्या आणि घासताना चांगला मास्क यांत टाळाटाळ करू नये. घरात लहान मूल असेल तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम करूच नये.

रेझिन हा शब्द नवा वाटला तरी वस्तू आपल्याला परकी नाही. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी राळ म्हणजे साल वृक्षाचं रेझिन. लाख एका किड्याकडून येते. पळस, बोर आणि कुसुंबाच्या फांद्यांवर वस्ती करणारे बारीक किडे अंगातून ती स्रवतात. सावंतवाडीत दशावतारी गंजिफांची, म्हणजे खेळायच्या पत्त्यांची, कापडाची गोल पानं चिंचोक्याच्या खळीने घट्ट करून, नाजूक कुंचल्याने रंगवून त्यांच्यावर लाखेचा हात द्यायची पद्धत होती. दशावतारी संचाची 120 पानं, एकेका अवताराची बारा. कापड, खळ, खनिज रंग आणि किड्याचं रेझिन हे सगळं एका पानात आलं. मिश्रमाध्यम याहून वेगळं काय असतं? ही कला विझत चालली होती, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली.

लाख आणि इपॉक्सीमध्ये मोठा फरक मात्र आहे. लाख तापवली की मऊ होते. कातणीयंत्रावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणानेच ती वितळून पसरते. लाखेची बांगडी आवडली नाही तर विस्तवावर धरून तिचा आकार बदलता येतो. तिच्यातले रेणू एकमेकांना खेटून असतात, पण इपॉक्सीसारख्या एकाच जाळ्यात बांधलेले नसतात. इपॉक्सी तापवली तर ती जळेल, वितळणार नाही, आणि स्पिरिटमध्ये विरघळणारही नाही.

झाडांनी हा जुळण्याचा मार्ग फार पूर्वीच शोधलेला आहे. खोडातून ओघळलेला चीक हवेत आला की त्यातली वाफ होणारी द्रव्यं उडून जातात आणि मग कोट्यवधी वर्षं मातीखाली उरलेले रेणू जुळत राहतात. त्याचं अंबर होतं. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीत असं अंबर सापडलं. त्यावरचं संशोधन 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. ते पाच कोटी वर्षांहून जुनं आहे, आणि ज्या झाडांच्या चिकापासून ते बनलं, ती साल वृक्षाच्याच कुळातली. त्यात किडे आहेत, माश्या आहेत, मुंग्या आहेत. विशेष म्हणजे या अंबरातले रेणू इतर अंबरांइतके एकमेकांत गुंतलेले नाहीत. त्यामुळे ते द्रावणात विरघळवून पाच कोटी वर्षांपूर्वीचा किडा अख्खा बाहेर काढता येतो! इपॉक्सीत ठेवलेल्या फुलाच्या बाबतीत ही सोय नाही.

रेझिन वापरणाऱ्या प्रत्येक कलावंतापुढचा खरा प्रश्न इथून सुरू होतो. तेलचित्रांवर पूर्वीपासून डमार नावाचं वॉर्निश लावत आले आहेत. तेही साल-कुळातल्या झाडांचं रेझिन. पन्नास-शंभर वर्षांनी ते पिवळं पडलं की जतनकार द्रावणाच्या बोळ्याने ते उतरवतो, नवं लावतो, खालचं चित्र शाबूत राहतं. इपॉक्सीही पिवळी पडते. तिच्या रेणूतली बेंझीनची वलयं अतिनील किरण शोषतात आणि हळूहळू रंग धरतात. पिवळेपणा लांबवणारी रसायनं बाटलीत घातलेली असतात, पण ती लांबवतात, थांबवत नाहीत. आणि हा थर उतरवता येत नाही.

अमेरिकन चित्रकार फ्रेड टॉमासेली यांनी ही अट पत्करून काम केलं आहे. सांता मोनिकाला 1956 मध्ये जन्मलेल्या टॉमासेलींना दक्षिण कॅलिफोर्नियात रेझिन भेटलं, जिथे लाटांवर घसरायच्या फळ्या रेझिनने मढवल्या जातात. त्यांच्या फलकांवर खरी पानं, औषधाच्या गोळ्या, पुस्तकांतून कापलेले पक्षी, हात, डोळे आणि फुलं असतात. त्यांत मधे मधे कुंचल्याने रंगवलेले भाग असतात आणि वर रेझिनचे थर. खरी गोळी, छापलेली गोळी आणि रंगवलेली गोळी शेजारी शेजारी असतात. रेझिनखाली तिन्हींवर सारखीच चकाकी असल्यामुळे जवळ जाऊनही त्यांतली खरी कोणती, हे पटकन सांगता येत नाही. फुकाहोरींनी रेझिन वापरलं ते थर वेगळे करायला. टॉमासेलींनी वापरलं वेगवेगळ्या वस्तूंमधला फरक पुसायला. मला दुसरा उपयोग जास्त धाडसी वाटतो.

शिल्पकार इव्हा हेसे या दोघांच्याही आधीच्या. 1969 मध्ये त्यांनी फायबरग्लास, पॉलिएस्टर रेझिन आणि लॅटेक्समध्ये भिजवलेलं विरळ कापड यांपासून मोठी शिल्पं केली. 1970 मध्ये, 34 व्या वर्षी, त्या गेल्या. त्यांच्या शिल्पांतलं लॅटेक्स ठिसूळ आणि काळपट होत गेलं, रेझिनचा भाग पिवळसर होऊनही उभा राहिला. त्यांचं ‘एक्सपांडेड एक्सपान्शन’ हे शिल्प दीर्घकाळ कोठारात होतं. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाच्या जतनकारांनी त्यावर काम केलं आणि 2022 मध्ये ते पुन्हा लोकांसमोर आलं. अशा कामात पहिला प्रश्न असतो तो साहित्याचा: कोणतं रेझिन, कोणता हार्डनर, कशावर काय चढवलं?

आपण घरी केलेल्या किंवा करून घेतलेल्या वरमालेच्या चौकटीमागे हे लिहून ठेवायला दोन मिनिटं लागतात. रेझिनचं आणि हार्डनरचं नाव, प्रमाण, किती थर, कोणते रंग, फुलं कशात वाळवली, ओतल्याची तारीख. पेन्सिलीने, जाड कागदावर, कारण शाई फिकी पडते. आणि चौकट लावायची ती उन्हाच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर नाही, तर शेजारच्या भिंतीवर.